वेणूचं उभं राहणं

या, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकून डुलक्या घेत ऐकायची ही कथा नव्हे. मी जन्मभर कीर्तनं ऐकली, केलं मात्र एकही नाही. पण आज तुम्ही आलाच आहात, तर एक आख्यान माझ्या तोंडून ऐकून जा. पूर्वरंगाचं पाल्हाळ लावत नाही. माझ्या भावाची आणि त्याच्या लेकीची गोष्ट आहे, आणि ती सुरू होते मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर.

व्यायामाची खोली होती ती. जमिनीवर निळ्या गाद्या, भिंतीला धरून चालायच्या दांड्या, आणि मधोमध एका बुटक्या स्टुलावर आमची वेणू. समोर गावित मॅडम मांडी घालून जमिनीवरच बसलेल्या. लुळ्या, ताठ, वाकड्या पायांच्या मुलांना चालायला शिकवणं हेच त्यांचं काम.

"घाई नाही हं वेणू. अंग सैल सोड. कशाला धरायचं नाही. सावकाश उभी राहा, आणि मी सांगेपर्यंत उभीच राहा."

वेणूनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. तिचे बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ, नीलकंठबुवा ताम्हनकर. आमच्या राजापूरकडे अजून जुनी माणसं आहेत, त्यांना नाव ठाऊक असेल. धोतर, उपरणं, कपाळाला बुक्का, आणि आवाज असा की देवळात उभा राहिला तर खालच्या वाडीतल्या बायका हातातलं काम ठेवून ऐकत. त्या खोलीत मात्र दादा भिंतीला पाठ लावून परीक्षेला बसलेल्या पोरासारखा उभा होता.

वेणू उठायला गेली. गुडघे लटपटले आणि ती बदकन स्टुलावर बसली.

"असू दे. पुन्हा."

पुन्हा तेच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घाबरलीये," मॅडम म्हणाल्या. "थोडं पाणी प्या, गप्पा मारा. मी पलीकडच्या मुलाला बघून येते. गडबड गोंधळ नको फक्त, तिला शांत बसू द्या." आणि त्या गेल्या.

आता इथे जरा थांबून सांगायला हवं, म्हणजे तुमचा धागा सुटणार नाही.

वेणू दिवस भरायच्या आधी जन्मली. मेंदूला तेव्हाच इजा झाली. बुद्धी लखलखीत, बोलणं खडीसाखर, गळा तर असा गोड की बुवांच्या मागे ती झांज घेऊन बसली की माणसं बुवांना विसरून तिच्याकडे बघत. पण पाय सदा आवळलेले. कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, टाचा कधी भुईला टेकल्या नाहीत. रात्री पेटके यायचे तेव्हा ती उशी दाताखाली धरायची. तिची आई ती रांगायच्या वयाची असतानाच गेली. मी कपाळ पुसून माहेरी आलेली होतेच, पोर माझ्या पदरात पडली.

तिला एकच ध्यास होता, कीर्तन करायचं. आमच्या लक्ष्मीनारायणाच्या कार्तिकोत्सवात, बाबांसारखं, गादीवर उभं राहून.

एकदा तिनं विचारलंही होतं, "बाबा, मी बसून केलं तर?"

"बसून करतात ते प्रवचन," दादा म्हणाला. "कीर्तन उभ्यानंच. ती नारदाची गादी आहे, बाळ. तिथे बसायचा हक्क कुणालाच नाही, मलाही नाही."

"पण बाबा, नारदाला पाय बरे होते."

आम्ही हसलो. तीही हसली. पण बसून करायचं नाव तिनं त्यानंतर काढलं नाही.

आणि गंमत बघा, ती उभी राहायची! रोज संध्याकाळी दादा ओटीवर नामाचा गजर करायचा. वेणू खांबाजवळ बसलेली असायची. गजर चढत जायचा, तिचा सूर लागायचा, आणि ते एरवी हलता न येणारे पाय सरळ होत, काठीसारखे ताठ, आणि पोर खांबाला धरून उठायची. कधी खांब सोडूनसुद्धा. गजर संपला की मटकन खाली. येणारी-जाणारी माणसं हात जोडत. मीही जोडत असे. दादा म्हणायचा, "शकू, हे नामाचं बळ. आणखी काय हवं?"

आणखी हवं होतं ते एवढंच, की तिनं एका अभंगापुरतं नव्हे तर अख्ख्या कीर्तनाला उभं राहावं. म्हणून तर मुंबई गाठली.

तिथल्या डॉक्टरांनी फार सोपं करून सांगितलं होतं. "पायांकडून मणक्याकडे मज्जातंतूंच्या बारीक बारीक दोऱ्या जातात, बुवा. हिच्या काही दोऱ्या उगाच कालवा करतात, म्हणून स्नायू आवळून बसतात. पाठ उघडून, एकेक दोरी तपासून, ज्या फार ओरडतात तेवढ्या कापायच्या. पाय सैल पडतात."

"म्हणजे तंबोऱ्याची चढलेली तार उतरवायची."

"तसंच समजा." डॉक्टर हसले, आणि मग हसायचे थांबले. "पण एक नीट ऐका. ताठरपणा मी काढू शकतो, ताकद घालू शकत नाही. काही मुलांची खाली स्वतःची ताकद असते, त्यांना याचा फार उपयोग होतो. काही मुलं मात्र त्या ताठरपणाच्याच आधारानं उभी असतात. तो काढला की मूल खाली बसतं. आणि कापलेली दोरी पुन्हा जोडता येत नाही. हिच्या बाबतीत अजून माझं हो-नाही ठरत नाही. गावित मॅडम ताकद बघतील, मग बोलू."

हे दादानंही ऐकलं, मीही ऐकलं.

तर, मॅडम पलीकडे गेल्या आणि दादा पटकन पुढे आला. वेणूसमोर उकिडवा बसला. तिच्या कानाशी तोंड नेलं.

"अगो, रडतेस काय? नाम विसरलीस?"

"मॅडमना गोंगाट नको ना."

"मग मनात म्हण. ओठसुद्धा हलवू नकोस. आपल्या ओटीवर आहेस, खांब शेजारी आहे, मी गजर धरलाय. येतोय ऐकू?"

वेणूनं डोळे मिटले. "येतोय."

मॅडम परत आल्या. "हं, आता?"

आणि वेणू उठली. सावकाश, एकही लटपट न करता. ओठ घट्ट मिटलेले, मान वर, गळ्याची शीर मात्र थडथड उडत होती. उठली आणि उभी राहिली. मॅडम बघत राहिल्या.

"अंग सैल आहे ना गं?"

"हो," वेणू म्हणाली. तिला तसंच वाटत होतं. देवाच्या मांडीवर बसल्यागत वाटतं तिला त्या वेळी, असं ती मला सांगायची.

"छान! म्हणजे मघाशी भीतीच होती."

दादानं उपरण्यानं डोळे पुसले. दोन दिवसांनी डॉक्टरांनी हो म्हटलं.

शस्त्रक्रिया यथासांग झाली. कुणाचा हात चुकला नाही, कुणी हयगय केली नाही, हे मी देवाला स्मरून सांगते. पाठीवरची पट्टी निघाली, सूज उतरली, आणि एका सकाळी वेणू ओरडली, "आत्या! अगो आत्या, बघ!"

मी धावले. पोरीनं मांडी घातली होती. जन्मात पहिल्यांदा. ते कात्रीसारखे पाय लोण्यासारखे मऊ होऊन एकमेकांत विसावले होते. मी तिथेच तिची दृष्ट काढली. रात्रीचे पेटके गेले. शेजारच्या खाटेवर जळगावकडची रुखसाना होती, तिचीही तीच शस्त्रक्रिया झालेली. दोघी एकमेकींना पाय मुडपून दाखवत आणि खिदळत.

मग मॅडमनी दोघींना उभं करायला घेतलं. पहिले काही आठवडे दोघीही कोसळायच्या. "असंच असतं," मॅडम म्हणाल्या, "पाय नवे आहेत, त्यांना आता काम शिकवायचं." रुखसानाचे पाय शिकले. ती चाकाची घोडी ढकलत वऱ्हांड्यात फिरू लागली, तिची अम्मी तिच्यामागून चपला हातात घेऊन पळायची. आमच्या वेणूचे पाय तेलात बुडवलेल्या वातीसारखे. धरून उभं करावं, सोडावं, की ती गोळा होऊन खाली.

"घरी व्यायाम चालू ठेवा," मॅडमनी सांगितलं. "रोज. कंटाळा नको."

कंटाळा? दादानं त्या वर्षीची सगळी आमंत्रणं परत केली. कीर्तनं सोडून माणूस सकाळ-संध्याकाळ लेकीच्या पायांशी बसला. वाकव, ताण, धर, सोड. ओटीवरचा गजरही चालू होता. वेणूचा सूर पूर्वीसारखाच लागायचा, काकणभर अधिकच गोड. ती खांबाला मिठी मारायची, मान वर करायची, गळ्याची शीर उडायची. पाय मात्र जमिनीवर पडलेले असायचे तसेच.

"होईल," दादा म्हणायचा. "होईल गो."

पावसाळा सरल्यावर आम्ही पुन्हा मुंबईला तपासायला गेलो. तीच खोली, तेच स्टूल. वेणू उठायची धडपड करत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटतेस?" मॅडमनी हसून विचारलं.

"गजर. आधी म्हटला की पाय आपोआप उठायचे. आता ऐकतच नाहीत."

"आधी म्हणजे?"

"नेहमीच. घरी. इथेपण, तुम्ही तपासलंत ना, तेव्हा मी मनात म्हणत होते. बाबांनी सांगितलेलं."

मॅडमचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी वेणूच्या केसांवरून हात फिरवला, तिच्या हातात एक चेंडू दिला, आणि म्हणाल्या, "बुवा, जरा बाहेर येता?" मीही मागोमाग गेले.

वऱ्हांड्यात त्यांनी मागचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "बुवा, असे पाय असतात ना, ते मूल उत्साहात आलं, घाबरलं, जोर लावला, की आणखी ताठ होतात. गाताना तर होणारच. म्हणून मी अंग सैल सोड म्हणत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या दिवशी ती ताकदीवर उभी नव्हती. ताठरपणावर होती. जो आपण काढून टाकला."

दादानं मान हलवली. "पण ते नाम होतं, मॅडम. इतकी वर्षं आम्ही डोळ्यांनी पाहिलं."

"मी नामाला काही म्हणत नाही हो. माझी आईही पोथी वाचते." त्या म्हणाल्या. "पण गाण्यानं झालं तेच दुसऱ्या कशानंही झालं असतं."

"कशानं?"

"ती जोरात रडली असती, तरी उभी राहिली असती."

दादानं भिंतीला हात लावला.

"त्या एका गोष्टीवर सगळं ठरलं नाही," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. "आणखीही तपासण्या होत्या, आणि मीही ओळखायला हवं होतं. तुम्ही स्वतःला..."

"नाही, नाही," दादा म्हणाला. "तुम्ही शांत बसू द्या म्हणाला होतात." आणि त्यांना वाकून नमस्कार करून तो आत गेला, वेणूला कडेवर घेतलं, आणि आम्ही थेट गावची गाडी धरली.

कार्तिक उजाडला. देवळाचे पंच बंडूकाका खांद्यावरच्या पंच्यानं घाम पुसत आले. मोठा मोकळा माणूस.

"काय वेणूबाय, यंदा गादी तुझी हां! मी चौरंग करून घेतलाय सुताराकडून. मऊ बैठक घालू. बसून कर. देव काय तिथे पट्टी घेऊन उंची मोजायला बसलाय?"

"काका, तुम्ही आरतीला बसून राहता?"

"मी? हे गुडघे बघ माझे, कुरकुर करतात, तरी उठतो हो."

"मग मला का बसवता? बसून केलं तर ते प्रवचन. मी उभी राहीन. अजून अवकाश आहे."

बंडूकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे. "वेणू," दादा म्हणाला, "गादीचं ते मी सांगितलेलं. आता मीच सांगतो, बसून कर. चालतं."

"आधी का नाही चाललं मग?"

बंडूकाका चहा न घेता गेले. वेणू खांबाजवळ होती. तिनं झांज उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"बाबा, मला कळलंय का होत नाही ते."

दादा दचकला. "काय कळलं?"

"माझं नाम मनापासून होत नाही आता. पाय मऊ झाले, दुखायचे थांबले, आणि मी देवाला विसरले. पूर्वी दुखायचं तेव्हा मी खरी हाक मारत होते. आता खोटी मारते. म्हणून तो उठवत नाही." आणि दहा-अकरा वर्षांची पोर म्हातारीसारखी मान हलवत म्हणाली, "मीच कमी पडते, बाबा."

मी देवघराच्या उंबऱ्यात उभी होते. दादाचा चेहरा मला दिसत होता. काय करावं त्यानं, सांगा! गप्प बसावं, तर लेक जन्मभर स्वतःला पापी समजणार. बोलावं, तर...

तो बोलला. तिच्यापुढे बसून, तिची पावलं मांडीवर घेऊन, काही न लपवता त्यानं सगळं सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या ते. इस्पितळात कानात सांगितलं ते कसं चुकलं ते. "तू कमी नाही पडलीस, बाळ. तुझं नाम खरंच होतं. चूक माझी झाली."

वेणूनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे रडले असते तरी उठले असते पाय?"

"हो."

"पडायच्या भीतीनं ओरडले असते, तरी?"

"हो."

"मग तेव्हा देव नव्हता तिथे?"

भर सभेत शास्त्रीपंडितांच्या शंकांना हसत हसत उत्तर देणारा माझा भाऊ. त्याचे ओठ हलले. माझ्या कानात प्राण आले होते. मला वाटलं, आता सांगेल. एखादा दृष्टांत देईल, दुखणं घेऊन गेला तो देवच होता म्हणेल, काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "ठाऊक नाही मला."

"बरं," वेणू म्हणाली. "आत्या, मला आत नेतेस?"

त्यानंतर ती गायली नाही. रुसून नव्हे, हट्टानं नव्हे. कुणी आग्रह केला की सरळ सांगायची, "नको. मला आता गाण्याचं काही वाटत नाही." उत्सवात बंडूकाकांनी गळ घातली म्हणून दादा गादीवर उभा राहिला. नमन झालं. निरूपणाला त्यानं नाममहिमा घेतला होता; कार्तिकात त्याचा तोच विषय ठरलेला. पहिलं वाक्य म्हणाला. दुसरं म्हणेना. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला, तबलजी बघत राहिला. दादानं गळ्यातला हार काढून गादीवर ठेवला, साष्टांग घातला, आणि माणसांतून वाट काढत घरी आला. पुन्हा तो कीर्तनाला उभा राहिला नाही.

गाव काय बोलायचं ते बोललं. बुवाला लेकीला कीर्तनकार करून मिरवायचं होतं, म्हणून पोरीची पाठ फाडली. नामानं उठत होती, त्याला डॉक्टर हवा होता. असं आणि तसं. दादा मात्र हाताची बोटं वाकडी होईपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ लेकीचे पाय चोळत, वाकवत राहिला. दोघं एकमेकांशी चांगलं बोलत. जेवणाचं, पाऊसपाण्याचं. एकमेकांच्या डोळ्यांत मात्र बघत नसत. पाय काही उभे राहिले नाहीत. शेवटच्या आजारात त्याला बोलता येईना तेव्हा मी त्याच्या कानाशी नाम घ्यायला वाकले. त्यानं मान फिरवली. माझ्यावर रागावून नव्हे. खोलीत वेणू होती, तिच्यासमोर नाम नको म्हणून.

वेणू आता मोठी झाली. चाकाच्या खुर्चीत असते, मुलांच्या शिकवण्या घेते, गणित फार छान शिकवते म्हणतात. पाय दुखत नाहीत, एवढं एक सुख आहे, ते मी नाकारत नाही. लोक अजून तिची आठवण काढतात, ती समोर बसलेली असूनसुद्धा: काय गायची हो ती पोर!

माझ्या भावाची आठवण कुणी काढत नाही. काढली तर शिवी देऊन. म्हणून तुम्हाला एवढं जवळ बोलावलं. रात्री निजायच्या आधी देवापुढे हात जोडाल, तेव्हा घरच्यांची नावं घेऊन झाली की नीलकंठ ताम्हनकर हे एक नाव घ्या. मी रोज घेते. पण माझं घेतलेलं कुठे पोचतं की नाही, ते आता मला सांगता येत नाही.